व्हिडिओ खेळ : नक्कलप्रतिबंध आणि ग्राहकप्रोत्साहन

संगणकावर किंवा तत्सम उपकरणावर खेळावयाच्या खेळांच्या अनधिकृत प्रती निघू नयेत, म्हणून खेळाच्या आज्ञावलीत किंवा ती ज्या चकतीवर साठविलेली असते त्या चकतीत जी बंधने घातली जातात, त्यांना नक्कलप्रतिबंध म्हणतात. याउलट, अशी बंधने सैल ठेवून किंवा मुळीच न घालता, पैसे देऊन खेळ विकत घेणाऱ्यास नक्कल वापरणाऱ्यापेक्षा काही अधिक द्यावयाचे व त्यायोगे खरेदीस उत्तेजन द्यावयाचे, या धोरणास ग्राहकप्रोत्साहन असे म्हणता येईल. दोन्ही मार्गांचा उगम एकाच अडचणीत आहे. परंतु ग्राहकाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी भिन्न आहे. पहिल्या मार्गात प्रत्येक ग्राहक हा संभाव्य चोर मानला जातो, तर दुसऱ्यात तो आश्रयदाता मानला जातो. सु. १९८० पासूनच्या या व्यवसायाच्या इतिहासात हे दोन्ही मार्ग एकमेकांशेजारी चालत आलेले दिसतात.

समस्येचे स्वरूप : छापील पुस्तकाची किंवा ध्वनिमुद्रिकेची नक्कल करण्यास काही खर्च येतो आणि नक्कल बहुधा मुळाहून निकृष्ट उतरते. संगणकीय आज्ञावलीचे तसे नाही. तिची प्रत काढण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही व प्रत मुळाशी तंतोतंत जुळते. खेळ तयार करण्याचा सर्व खर्च मात्र पहिली प्रत निर्माण होण्यापूर्वीच करावा लागतो आणि तो विक्रीतून भरून काढावा लागतो. या विसंगतीची जाहीर वाच्यता बिल गेट्स यांनी फेब्रुवारी १९७६ मध्ये हौशी संगणकधारकांस उद्देशून लिहिलेल्या एका खुल्या पत्रात केली. ‘अल्टेअर’ या लघुसंगणकासाठी आपण तयार केलेली ‘बेसिक’ भाषेची आज्ञावली बहुतेक लोक पैसे न देता वापरतात, अशी त्यांची तक्रार होती. ही तक्रार खेळांबाबतची नव्हती. परंतु पुढे खेळांचे प्रकाशक जी बाजू मांडू लागले, तिचे हे प्रारंभीचे रूप होय.

नक्कलप्रतिबंधातील मूलभूत दोष तांत्रिक नसून व्यावहारिक आहे. बंधन कितीही बिकट असले, तरी ते एका जाणकाराने एकदा तोडले की पुरे होते. त्यानंतर बंधनमुक्त प्रत सर्वांना उपलब्ध होते. फुकट प्रत वापरणाऱ्यास त्या बंधनाचा उपद्रव मुळीच होत नाही. उपद्रव होतो तो पैसे मोजून अस्सल प्रत घेणाऱ्यास. अशा रीतीने विकत घेतलेला माल हा चोरलेल्या मालापेक्षा वापरण्यास गैरसोयीचा ठरतो. ग्राहकप्रोत्साहनाचा विचार या अनुभवातून पुढे आला.

आरंभीचे प्रतिबंध : १९८० नंतरच्या दशकात खेळ मुख्यतः फ्लॉपी चकत्यांवर व ध्वनिफितींवर विकले जात. चकतीचा एखादा भाग मुद्दाम सदोष ठेवावयाचा व तो दोष जागेवर असल्याची खात्री करूनच खेळ सुरू व्हावयाचा, ही एक प्रचलित युक्ती होती. कारण नेहमीच्या पद्धतीने नक्कल करताना तो दोष उतरत नसे. परंतु त्यामुळे ग्राहकास स्वतःच्या सोयीसाठी राखीव प्रतही काढता येत नसे आणि मूळ चकती झिजून निकामी झाली, की खेळही हातचा जाई. दुसरी युक्ती माहितीपुस्तिकेवर आधारलेली होती. अमुक पानावरील अमुक ओळीतील शब्द कोणता, असा प्रश्न खेळ सुरू होताना विचारला जाई. ‘ल्यूकसफिल्म गेम्स’ या संस्थेच्या ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ (१९९०) या खेळासोबत पुठ्ठ्याची फिरती चक्री दिलेली होती. तीवरील चेहऱ्याचे दोन अर्धे भाग पडद्यावरील चेहऱ्याप्रमाणे जुळवून मिळणारा आकडा भरावा लागे.

या उपायांपैकी सर्वांत कुप्रसिद्ध ठरला तो ‘लेन्सलॉक’. ब्रिटनमध्ये १९८५ साली ‘एलिट’ या खेळाच्या ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ संगणकासाठीच्या आवृत्तीत तो वापरण्यात आला. पडद्यावर तुकडे करून दाखविलेली अक्षरे लोलकांच्या रांगेतून पाहिली, म्हणजे ती सुसंगत दिसत व वाचता येत. पडदा फार मोठा अथवा फार लहान असल्यास हे साधन निरुपयोगी ठरे. त्यातच काही खोक्यांत चुकीची भिंगे भरली गेल्याने पैसे भरलेल्या ग्राहकांना खेळ सुरूच करता येईना. प्रतिबंधाचा भार कोणावर पडतो, हे या प्रकरणात प्रथमच ठळकपणे दिसून आले.

खोक्यातील भेटवस्तू : याच काळात अमेरिकेत एक निराळी प्रथा रूढ होत होती. मॅसॅचूसेट्स राज्यातील ‘इन्फोकॉम’ ही संस्था (स्थापना १९७९) केवळ मजकुरावर चालणारे कथात्मक खेळ तयार करी. तिच्या ‘डेडलाइन’ (१९८२) या हेरकथात्मक खेळासाठी रचलेला सर्व मजकूर चकतीत मावेना. म्हणून पोलिसांनी घेतलेल्या जबान्या, प्रयोगशाळेचा अहवाल, घटनास्थळाचे छायाचित्र, इतकेच नव्हे तर पुराव्यादाखल गोळ्यांची पुडीही खोक्यात घालण्यात आली. अडचणीतून निघालेली ही तोड ग्राहकांच्या पसंतीस उतरली व पुढे ती या संस्थेच्या खेळांची खूण बनली. ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ (१९८४) या विनोदी खेळाच्या खोक्यात एक रिकामी पिशवी असून तीत डोळ्यांना न दिसणारे अंतराळ-आरमार असल्याचे म्हटले होते. चकतीची नक्कल शेजाऱ्याकडून मिळू शके. पण या वस्तू मिळत नसत. पुढे पुढे काही वस्तूंवरील मजकुरावाचून खेळ पुरा करता येत नसे, म्हणजे भेटवस्तू हीच अप्रत्यक्षपणे प्रतिबंधाचे काम करी. मात्र हा प्रतिबंध ग्राहकास अडथळा न वाटता खेळाचाच एक भाग वाटे, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

रिचर्ड गॅरिअट यांच्या ‘अल्टिमा’ या खेळमालिकेतही हेच धोरण आढळते. १९८२ सालच्या दुसऱ्या भागाबरोबर काल्पनिक जगाचा कापडावर छापलेला नकाशा असावा, असा आग्रह त्यांनी प्रकाशकाकडे धरला व तो मान्य झाला. चौथ्या भागासोबत (१९८५) कापडी नकाशा, दोन पुस्तिका व एक धातूचे पदक देण्यात आले. असे नकाशे आज संग्राहक जपून ठेवतात. ‘इन्फोकॉम’ संस्था मात्र १९८६ मध्ये ‘ॲक्टिव्हिजन’ कंपनीने विकत घेतली व १९८९ मध्ये तिचे कार्यालय बंद झाले. तिच्या ऱ्हासाची कारणे वेगळी होती. व्यापारी आज्ञावलीत तिने केलेली गुंतवणूक फसली होती आणि चित्रमय खेळांपुढे मजकुराचे खेळ मागे पडले होते.

‘शेअरवेअर’ पद्धती : नक्कल थांबविण्याऐवजी तिलाच वितरणाचे साधन बनविण्याची कल्पना १९८२-८३ च्या सुमारास अमेरिकेत अँड्रू फ्लूगलमन, जिम नॉफ व बॉब वॉलेस यांनी आपापल्या उपयुक्त आज्ञावल्यांबाबत अंमलात आणली. आज्ञावली मित्रांना खुशाल द्यावी, मात्र ती आवडल्यास कर्त्यास पैसे पाठवावेत, असे आवाहन त्यांत असे. हाच ‘शेअरवेअर’ म्हणजे वाटून घ्यावयाच्या आज्ञावलीचा प्रकार. खेळांच्या बाबतीत नुसत्या आवाहनावर फारसे पैसे येत नसत. टेक्सस राज्यातील ‘ॲपोजी’ संस्थेचे संस्थापक स्कॉट मिलर यांनी १९८७ पासून त्यात महत्त्वाचा फेरफार केला. खेळाचे अनेक खंड पाडावयाचे, पहिला खंड फुकट वाटू द्यावयाचा व पुढील खंड केवळ पैसे पाठविणाऱ्यासच टपालाने द्यावयाचे, अशी त्यांची योजना होती. फुकट प्रत ही अशा रीतीने जाहिरात झाली व पुढील खंड हे पैसे देणाऱ्याचे बक्षीस ठरले.

या पद्धतीने ‘इड सॉफ्टवेअर’ या लहानशा गटाचे ‘कमांडर कीन’ (१९९०) व ‘वुल्फेन्स्टाइन थ्री-डी’ (१९९२) हे खेळ ‘ॲपोजी’मार्फत प्रसिद्ध झाले. १० डिसेंबर १९९३ रोजी या गटाने ‘डूम’ हा खेळ स्वतःच वितरित केला. त्याच्या तीन खंडांपैकी पहिला विनामूल्य असून तो जितका पसरेल तितका हवाच होता. व्यवसायसंघटना ‘फ्लॉपीची नक्कल करू नका’ अशा आशयाची चित्रफीत १९९२ मध्ये शाळाशाळांतून दाखवीत असताना, त्याच सुमारास सर्वांत गाजलेले खेळ नक्कल करूनच लोकांपर्यंत पोहोचत होते, ही बाब लक्षणीय आहे.

कायद्याचे पाठबळ : इंटरनेटच्या प्रसाराबरोबर प्रकाशकांनी कायद्याचा आधार शोधला. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या १९९६ च्या कॉपीराइटविषयक करारानुसार, हक्करक्षणासाठी वापरलेले तांत्रिक उपाय मोडण्याविरुद्ध संरक्षण देणे सदस्य देशांवर बंधनकारक झाले. त्यानुसार अमेरिकेने १९९८ मध्ये कायदा केला. त्यामुळे प्रतिबंध मोडणे हेच काही अपवाद वगळता बेकायदेशीर ठरले. प्रत विकत घेतलेली आहे किंवा कसे, हा प्रश्न गौण झाला. भारतात १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकीय आज्ञावलींचा समावेश झाला, तर २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ क (इंग्रजी पाठातील ६५ ए) घालण्यात आले. हक्कभंग करण्याच्या हेतूने तांत्रिक प्रतिबंध मोडल्यास त्यानुसार दोन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. हेतूची ही अट असल्याने भारतीय तरतूद अमेरिकी तरतुदीहून सौम्य मानली जाते.

प्रतिबंधांची परमावधी : सीडी व डीव्हीडी तबकड्यांच्या काळात ‘सेफडिस्क’, ‘सिक्युरॉम’, ‘स्टारफोर्स’ इ. प्रणाली वापरात आल्या. तबकडी यंत्रात असल्याखेरीज खेळ सुरू न होणे, हे त्यांचे सर्वसाधारण लक्षण होते. त्यांपैकी काही प्रणाली संगणकाच्या अंतर्गत कारभारात खोलवर आपले घटक बसवीत. रशियातील ‘स्टारफोर्स’ प्रणालीविरुद्ध खेळाडूंनी इतक्या तक्रारी केल्या, की फ्रान्समधील ‘युबिसॉफ्ट’ या मोठ्या प्रकाशकाने एप्रिल २००६ मध्ये तिचा वापर थांबविला. ‘सेफडिस्क’ची कथा अधिक बोधप्रद आहे. तिचा एक घटक सुरक्षिततेच्या दृष्टीने सदोष ठरल्याने ‘मायक्रोसॉफ्ट’च्या २०१५ मधील ‘विंडोज १०’ प्रणालीत तिला थारा मिळाला नाही. परिणामी कपाटात अस्सल तबकडी असणाऱ्यांचे जुने खेळ चालेनासे झाले. प्रतिबंध काढून टाकलेल्या अनधिकृत प्रतींना मात्र ही अडचण आली नाही.

‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’ या कंपनीचा बहुचर्चित खेळ ‘स्पोर’ सप्टेंबर २००८ मध्ये निघाला. तो आरंभी केवळ तीन संगणकांवर बसविता येई. पुढे ही मर्यादा पाचवर नेण्यात आली. निषेध म्हणून ग्राहकांनी ‘ॲमेझॉन’ या विक्रीस्थळावर त्यास मोठ्या संख्येने नीचतम गुण दिले व अमेरिकेत न्यायालयीन दावाही दाखल झाला. ‘टोरेंटफ्रीक’ या वृत्तस्थळाच्या गणनेनुसार तोच खेळ त्या वर्षी सर्वाधिक, म्हणजे सु. १७ लाख वेळा, अनधिकृतपणे उतरवून घेतला गेला. कडक बंधन आणि विपुल नक्कल ही दोन्ही एकाच खेळाच्या वाट्याला आली.

मार्च २०१० मध्ये ‘युबिसॉफ्ट’ने एकट्याने खेळावयाच्या खेळासही इंटरनेटची अखंड जोडणी सक्तीची केली. त्याच महिन्यात कंपनीच्या सर्व्हरांवर हल्ला झाल्याने ‘असॅसिन्स क्रीड २’ हा खेळ विकत घेतलेल्या कित्येकांना तो खेळता आला नाही. हे धोरण सोडून दिल्याचे कंपनीने २०१२ मध्ये जाहीर केले. मार्च २०१३ मधील ‘सिमसिटी’ या नगररचनेच्या खेळाचीही तीच गत झाली. सर्व्हरांवरील ताणामुळे ग्राहक दिवसेंदिवस ताटकळत राहिले. प्रकाशकाने भरपाई म्हणून त्यांस दुसरा एक खेळ विनामूल्य दिला आणि २०१४ मध्ये जोडणीविना खेळण्याची सोय केली.

पोलंडमधील प्रयोग : ग्राहकप्रोत्साहनाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण पोलंडमध्ये घडले. साम्यवादी राजवटीच्या अखेरीनंतर त्या देशात संगणकीय आज्ञावलींना कायद्याचे नेमके संरक्षण नव्हते. ते फेब्रुवारी १९९४ च्या कॉपीराइट कायद्याने प्राप्त झाले. तोपर्यंत व त्यानंतरही काही काळ वॉर्सातील आठवडी संगणक-बाजारांत खेळांच्या नकला उघडपणे विकल्या जात. याच बाजाराशी परिचित असलेल्या मार्चिन इव्हिन्स्की व मिहाऊ किचिन्स्की या दोन तरुणांनी १९९४ मध्ये ‘सीडी प्रोजेक्ट’ ही परदेशी खेळ आणून विकणारी कंपनी काढली. आपली स्पर्धा इतर कंपन्यांशी नसून बाजारातील नकलांशी आहे, हे त्यांनी ओळखले होते.

कॅनडातील ‘बायोवेअर’ या संस्थेचा ‘बॉल्डर्स गेट’ (१९९८) हा खेळ १९९९ मध्ये पोलंडमध्ये आणताना त्यांनी मोठी जोखीम पत्करली. खेळातील प्रचंड मजकुराचे पोलिश भाषांतर करविले; प्यॉत्र फ्रोन्चेफ्स्की यांच्यासारख्या नामवंत नटांकडून आवाज घेतले. पाच तबकड्यांच्या खोक्यात जुन्या चर्मपत्रासारखा दिसणारा नकाशा, खेळाची नियमपुस्तिका आणि एक ध्वनितबकडीही घातली. किंमत अर्थातच बाजारातील नकलेपेक्षा पुष्कळ अधिक होती. परंतु नक्कल करणारा तबकड्या उतरवू शकला, तरी नकाशा, पुस्तिका व एकूण खोके त्याला परवडण्यासारखे नव्हते. पहिल्याच दिवशी या खेळाच्या १८,००० प्रती गेल्या, असे इव्हिन्स्की यांनी पुढे सांगितले आहे. जेथे पैसे देऊन खेळ घेणे हाच वेडेपणा समजला जाई, त्या बाजारपेठेत ही संख्या असाधारण होती. नकलेशी किंमतीत बरोबरी करता येत नाही, पण मोलात करता येते, हा धडा कंपनीने यातून घेतला.

पुढे कंपनी स्वतःच निर्माती बनली. आंजेय सापकोव्हस्की यांच्या कथांवर आधारलेला ‘द विचर’ हा तिचा पहिला खेळ ऑक्टोबर २००७ मध्ये निघाला. सप्टेंबर २००८ मध्ये त्याची दुरुस्त व वाढविलेली आवृत्ती आली. ती नव्याने विकता आली असती; परंतु जुन्या ग्राहकांना तिच्यातील सर्व सुधारणा विनामूल्य देण्यात आल्या. त्याच वर्षी कंपनीने ‘गुड ओल्ड गेम्स’ (पुढे ‘जीओजी’) हे विक्रीस्थळ सुरू केले. जुने खेळ नव्या संगणकांवर चालतील असे दुरुस्त करावयाचे, त्यांवरील सर्व प्रतिबंध काढावयाचे आणि जोडीला नकाशे, संगीत व पुस्तिका द्यावयाच्या, हे त्याचे सूत्र होते. ‘द विचर ३’ (मे २०१५) या खेळाच्या साध्या खोक्यातही नकाशा, संगीताची तबकडी व ग्राहकाचे आभार मानणारे पत्र होते. शिवाय सोळा लहान पुरवण्या सर्व खरेदीदारांना विनामूल्य देण्यात आल्या. जीओजीवरील त्याच्या प्रतीस कोणताही प्रतिबंध नव्हता. २०२३ पर्यंत या खेळाच्या ५ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्याचे कंपनीने जाहीर केले.

अमेरिकेतील प्रयत्न : मिशिगन राज्यातील ‘स्टारडॉक’ या कंपनीने ‘गॅलॅक्टिक सिव्हिलायझेशन्स २’ हा खेळ फेब्रुवारी २००६ मध्ये तबकडीवरील कोणत्याही प्रतिबंधाविना विकला. खोक्यातील क्रमांक नोंदविणाऱ्यास वेळोवेळी सुधारणा व नवे भाग मिळत राहत. खेळ म्हणजे एकदाच हातात पडणारी वस्तू नसून ती वाढत जाणारी सेवा आहे, ही कल्पना त्यामागे होती. जे कधीच खरेदी करणार नाहीत त्यांच्यामागे न लागता, जे करतात त्यांच्यासाठीच खेळ रचावेत, अशी कंपनीचे प्रमुख ब्रॅड वॉर्डेल यांची भूमिका होती. ऑगस्ट २००८ मध्ये कंपनीने खेळाडूंच्या हक्कांची दहा कलमी सनद प्रसिद्ध केली. खेळ पूर्णावस्थेत मिळावा, न चालल्यास परत करता यावा, ग्राहकाच्या संमतीवाचून छुपे घटक संगणकात बसवू नयेत आणि त्यास गुन्हेगारासारखे वागवू नये, अशा मागण्या तीत होत्या.

‘व्हॉल्व्ह’ कंपनीने सप्टेंबर २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टीम’ या वितरणव्यवस्थेने मध्यम मार्ग स्वीकारला. तीत खेळ ग्राहकाच्या खात्याशी बांधलेला असतो. म्हणजे ती मुळात प्रतिबंधाचीच एक पद्धती आहे. २००४ मध्ये ‘हाफ-लाइफ २’ या खेळासाठी ती सक्तीची झाली, तेव्हा तिच्यावर टीकाही पुष्कळ झाली. परंतु खेळ कोणत्याही संगणकावर पुन्हा उतरविता येणे, सुधारणा आपोआप मिळणे, अर्धवट सोडलेला डाव दूरस्थ साठ्यात सुरक्षित राहणे आणि वेळोवेळी मोठ्या सवलती मिळणे, या सोयींमुळे ती लोकप्रिय झाली. नकलेचा प्रश्न बहुधा किंमतीचा नसून सेवेचा असतो, असे कंपनीचे प्रमुख गेब न्यूएल यांनी २०११ मध्ये प्रतिपादन केले. रशियात नकलांमुळे धंदा होणार नाही, असे सर्वजण बजावीत असता, वेळेवर व रशियन भाषेत खेळ पुरविल्यावर तोच देश कंपनीच्या युरोपातील प्रमुख बाजारपेठांपैकी एक झाला, हे त्यांचे उदाहरण होते.

मर्यादा : ग्राहकप्रोत्साहनाने नक्कल थांबते, असा याचा अर्थ नव्हे. ‘द विचर २’ (मे २०११) या खेळाच्या खोक्यातील आवृत्तीवर प्रतिबंध होता व जीओजीवरील आवृत्तीवर नव्हता. खोक्यावरील प्रतिबंधही काही दिवसांतच काढण्यात आला. तरीही सु. ४५ लाख अनधिकृत प्रती निघाल्या असाव्यात, असा अंदाज इव्हिन्स्की यांनी व्यक्त केला. त्या वेळी विक्री दहा लाखांच्या थोडी वर होती. विशेष म्हणजे, अनधिकृतपणे पसरलेली प्रत ही मुख्यतः प्रतिबंध तोडलेली खोक्यातील प्रत होती, मोकळी प्रत नव्हे, असे कंपनीला आढळले. याच सुमारास कंपनीने जर्मनीत नक्कल केल्याचा संशय असलेल्या व्यक्तींना वकिलांमार्फत पैशाची मागणी करणारी पत्रे पाठविली. निरपराध ग्राहकही त्यात सापडण्याचा संभव असल्याने तीव्र टीका झाली व जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने ती पत्रे थांबविली. उदार धोरणाचा पुरस्कार करणारी संस्थाही मोहापासून अलिप्त राहिली नाही, हे यावरून दिसते.

‘स्टारडॉक’च्या ‘डेमिगॉड’ (एप्रिल २००९) या खेळाचा अनुभव याहून कटू होता. पहिल्या दिवसांत सर्व्हरांशी जोडल्या गेलेल्या सु. १,२०,००० खेळाडूंपैकी केवळ सु. १८,००० जणांनीच खेळ विकत घेतला होता. उरलेल्यांच्या भाराने व्यवस्था कोलमडली आणि त्याचा त्रास पैसे भरलेल्यांनाच झाला. अर्थात, जेथे निर्मात्याला सतत सेवा पुरवावी लागते, तेथे ग्राहक ओळखण्याची काहीतरी व्यवस्था असल्याखेरीज ग्राहकाचे हितही साधत नाही.

प्रतिबंध सर्वथा निष्फळ असतात, असेही म्हणता येत नाही. २०१४ पासून वापरात असलेली ऑस्ट्रियातील ‘डेन्यूव्हो’ ही प्रणाली पूर्वीच्या प्रणालींहून अधिक काळ टिकाव धरते. तिच्याविषयी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासानुसार, ती अगदी आरंभीच मोडली गेल्यास खेळाच्या एकूण उत्पन्नात सरासरी सु. २० टक्के घट संभवते. परंतु बारा आठवड्यांनंतर मोडल्यास घट जवळजवळ शून्य असते. यावरून प्रतिबंधाचा उपयोग पहिल्या काही आठवड्यांपुरताच मर्यादित आहे, असा निष्कर्ष निघतो. कित्येक प्रकाशक काही महिन्यांनी ही प्रणाली आपल्या खेळांतून स्वतःहून काढून टाकतात, ते याला अनुसरूनच होय.

प्रोत्साहनाचे भांडवल म्हणजे विश्वास आणि तो गमावताही येतो. ‘सीडी प्रोजेक्ट’चा ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ डिसेंबर २०२० मध्ये निघाला, तेव्हा जुन्या खेळयंत्रांवर तो इतका सदोष होता, की ‘सोनी’ कंपनीने आठवडाभरातच तो आपल्या विक्रीस्थळावरून काढला व ग्राहकांना पैसे परत दिले. सहा महिन्यांनी तो पुन्हा विक्रीस आला. जुन्या पुण्याईवर लोकांनी आगाऊ पैसे भरले होते. त्यामुळे रोषही तितकाच मोठा झाला. पुढील तीन वर्षे विनामूल्य सुधारणा देत कंपनीने बरीचशी पत सावरली.

मूल्यमापन : या इतिहासातून दिसणारा खरा प्रश्न नकलांच्या संख्येचा नसून मालकीचा आहे. ‘युबिसॉफ्ट’ने ‘द क्रू’ (२०१४) या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले, तेव्हा एकट्याने खेळण्याचा भागही कोणालाच खेळता येईना. किंमत मोजलेल्यांच्या हाती काहीही उरले नाही. त्यानंतर युरोपात खेळ जतन करण्याची मागणी करणारी चळवळ उभी राहिली. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये केलेला व १ जानेवारी २०२५ पासून अंमलात आलेला कायदाही याच प्रश्नाशी संबंधित आहे. ग्राहकास केवळ परवाना मिळत असेल, तर तसे स्पष्ट सांगितल्याखेरीज ‘खरेदी’ हा शब्द वापरण्यास त्याने मनाई केली. ग्रंथालये व संग्रहालये यांचेही हितसंबंध यात गुंतलेले आहेत. अमेरिकेत २०१५ मध्ये, ज्या खेळांचे सर्व्हर कायमचे बंद झाले आहेत, त्यांवरील प्रतिबंध जतनासाठी काढण्याची मर्यादित मुभा त्यांस देण्यात आली. प्रतिबंध शाबूत राहिले तर या कलाप्रकाराचा बराचसा वारसा पुढील पिढ्यांना पाहावयासही मिळणार नाही, हे त्यामागील कारण होते.

कापडी नकाशापासून विनामूल्य पुरवण्यांपर्यंतची सर्व साधने पाहता, ग्राहकप्रोत्साहन यशस्वी होण्यास तीन गोष्टी आवश्यक दिसतात. अस्सल प्रत नकलेपेक्षा प्रत्यक्ष वापरात सरस असली पाहिजे. तिच्यासोबत मिळणारा लाभ नक्कल करणाऱ्यास सहज देता येण्याजोगा नसावा. आणि दिलेला शब्द विक्रीनंतरही पाळला गेला पाहिजे. या अटी पाळणाऱ्यांच्या खेळांच्याही नकला झाल्या, हे खरे. परंतु आज्ञावली फुकट मिळत असतानाही पुष्कळ लोक तिची किंमत आपखुशीने देतात, हे त्यांनी दाखवून दिले. नक्कलप्रतिबंधाच्या समर्थकांनी हे गृहीत धरलेले नव्हते. वॉर्साच्या बाजारात १९९९ मध्ये आलेला अनुभव या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.